बेस सिक्सच्या बदल्यात माझा बेस द्यावा का?

गिटार वाजवणाऱ्या एका मित्राने अदलाबदलीचं विचारलं आहे: त्याचा बेस सिक्स मला, माझा चार तारांचा बेस गिटार त्याला. ज्यांनी हा प्रकार हाताळला नसेल त्यांच्यासाठी: फेंडर या गिटार कंपनीने 1961 मध्ये तो बाजारात आणला. सहा तारा, ट्यूनिंग गिटारचंच पण एक सप्तक खाली, आणि स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 30 इंच. माझ्या बेसची 34 आहे. दोघांनी वाद्यं तूर्त एकमेकांकडे ठेवली आहेत.

मोह का पडला ते सांगतो. एकटं वाजवायला बसलं की बेस अर्धवट वाटायला लागतो. लाइन कितीही घोटून बसवली तरी वर सूर धरणारं कुणी नसतं. मला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, हव्या होत्या.

त्या मिळाल्या, पण हव्या तशा नाहीत. वरच्या चार तारांवर कॉर्ड सुरेख उमटतात. खाली उतरलं की नुसता गदारोळ. खालच्या जी स्वराची कंपनसंख्या 49 हर्ट्झ, त्याच्यापासून तिसऱ्या स्वराची, म्हणजे बी ची, जवळपास 62. इतक्या खाली हे दोन स्वर एकत्र काढले की कान त्यांना वेगळं करू शकत नाही. वाद्य बदलून हे बदलत नाही.

उजव्या हाताचा प्रश्न वेगळाच. तारांमधलं अंतर गिटारच्या जवळ जाणारं, त्यामुळे दोन बोटांनी वाजवताना शेजारची तार लागतेच. पिकने (तार छेडायच्या छोट्या चकतीने) छान वाजतो, किंबहुना तो पिकसाठीच आहे. पण माझा सगळा रियाज बोटांचा. शिवाय त्याची खालची ई तार .084 इंच जाडीची, माझी .105 ची. आखूड स्केलवर बारीक तार सैल पडते, जरा जोरात छेडली की सूर क्षणभर वर सरकतो. ड्रमरच्या किकबरोबर (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमबरोबर) जो ठोस आघात लागतो, तो मला त्यातून काढता आला नाही.

मधल्या काळात मित्राच्या घरी माझाच बेस हातात घेतला आणि एक गोष्ट करून पाहिली, जी खूप आधी करायला हरकत नव्हती. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या पट्टीला) जी धरायचा आणि तिसरा स्वर शेजारी न घेता एक सप्तक वर, जी तारेच्या चौथ्या फ्रेटला. हा बी साधारण 123 हर्ट्झचा. दोन्ही स्वर लख्ख ऐकू येतात. कॉर्ड मेजर (प्रसन्न छटेची) की मायनर (उदास छटेची), लगेच कळतं. मायनरसाठी वरचं बोट एक फ्रेट मागे, बस्स. मधल्या दोन तारांवर डाव्या हाताची बोटं अलगद टेकवून ठेवावी लागतात, नाहीतर त्या गुणगुणतात. अंगठ्याने खालची आणि मधल्या बोटाने वरची तार एकदम छेडायची. एवढ्यावर एखाद्या गाण्याचा पूर्ण सांगाडा एकट्याने उभा राहतो, हे पाहून मी खरोखर हरखलो.

म्हणून अदलाबदल नको, असं मित्राला कळवलं. त्याला वाईट वाटलं, पण रेकॉर्डिंगसाठी बेस सिक्स केव्हाही घेऊन जा म्हणाला. वरच्या तारांवरच्या धूनसाठी तो मी नक्की मागेन, तिथला त्याचा आवाज माझ्या बेसमधून निघणारच नाही.

आता दहाव्या अंतराच्या (खालच्या जी पासून मोजत वरचा बी दहावा) या जोड्या सगळ्या सुरांत, सावकाश मेट्रोनोमवर. बी फ्लॅटला हात अजून आखडतो.