जुन्या लेन्सवरची अंतराची पट्टी

हेलिओस ४४-२ ही जुनी लेन्स विकत घेणारे बहुतेक जण ती पाठीमागच्या गरगरत्या धूसरपणासाठी घेतात. झाडासमोर माणूस उभा करायचा, एफ/२ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून, फोटो काढायचा, मागची पानं भोवऱ्यासारखी फिरलेली दिसतात. सुंदर दिसतं. पण मला या लेन्सचं खरं मोल तिच्या अंगावर कोरलेल्या आकड्यांत वाटतं.

ही ५८ मिलिमीटरची सोव्हिएत लेन्स झाइसच्या बायोटार या जर्मन लेन्सच्या रचनेवरून बनलेली. झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ती लाखोंनी बाहेर पडली, म्हणून आजही परवडते. तिच्यावर मीटरमध्ये अंतराची पट्टी आहे आणि खाली मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना छिद्रमानाचे (एफचे) आकडे. एफ/५.६ ठेवलं असेल तर ५.६ च्या दोन खुणांमध्ये जेवढं अंतर येतं तेवढं फोटोत स्पष्ट येणार. आजच्या बऱ्याच लेन्सवर ही पट्टी उरलेलीच नाही. त्यांची फोकसची रिंग कितीही फिरवा, ती फक्त मोटरला निरोप देते.

कोल्हापुरात तालमीतले फोटो काढायला लागलो तेव्हा या पट्टीची किंमत कळली. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, जोड लागली की दोन अंगं, चार हात, तांबडी माती, मागे खिडकीतला उजेड. ऑटोफोकस कधी जवळचा खांदा धरतो, कधी मागची भिंत. तोवर पटाचा डाव होऊनही गेलेला असतो. वस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तुमी हितंच हुबं ऱ्हावा. पोरं काय हौद्याभाईर जात न्हाईत." तेच सूत्र धरलं. मी उभा राहतो तिथून हौद्याचा मध्य चार मीटरवर आहे. रिंग चार मीटरच्या आसपास लावली, एफ/५.६ ठेवलं, की साधारण साडेतीन ते साडेचार मीटरमधलं सगळं स्पष्ट. मग फोकसला हात लावायचा नाही. नजर पैलवानांच्या पायांवर ठेवायची, कारण डाव तिथे आधी दिसतो.

एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. त्या खुणा फिल्मच्या पूर्ण चौकटीसाठी कोरलेल्या आहेत. माझ्या फुजी एक्स-टी२० चा सेन्सर त्याहून लहान, त्यामुळे एफ/५.६ ला मी ४ च्या खुणा वाचतो. एक घर आत धरलं की हिशोब जुळतो.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ही पट्टी ज्या काळात कोरली गेली त्या काळात तालमीसारख्या अंधाऱ्या जागी ती जवळपास निरुपयोगी होती. ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता) फिल्मवर त्या उजेडात एफ/२ आणि १/१२५ सेकंदाचं शटर लागलं असतं, आणि एफ/२ ला स्पष्टतेचा पट्टा अर्ध्या मीटरच्या आसपास. पैलवान एक पाऊल सरकला की गेला. आज ६४०० आयएसओ लावून मला त्याच उजेडात एफ/५.६ आणि १/२५० मिळतं. म्हणजे नव्या सेन्सरमुळे जुन्या आकड्यांना आत्ता कुठे पूर्ण काम मिळालंय. जुन्या लेन्सबद्दल बोलताना लोक आठवणींकडे वळतात, पण माझ्या दृष्टीने ही जोडी आजचीच आहे.

जोडणी सोपी आहे. ही लेन्स एम४२ नावाच्या आट्यांनी कॅमेऱ्याला बसते; त्या आट्यांवर बसणारं, आत काच नसलेलं साधं अडॅप्टर घ्यायचं आणि मेनूत 'शूट विदाउट लेन्स' चालू करायचं. माझ्या फुजीसारख्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात सेन्सर माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) बराच जवळ असतो, त्यामुळे अडॅप्टरला जागा मिळते. निकॉनच्या जुन्या, आरसा असलेल्या डीएसएलआरवर मात्र ही लेन्स काचेच्या अडॅप्टरशिवाय अनंतावर फोकस होत नाही. तिथे एम४२ च्या मागे लागू नका, निकॉनच्याच जुन्या निक्कोर लेन्स बहुतेक थेट बसतात, त्याच शोधा.

विकत घेताना मागून टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आपल्या पावसाळ्यात ती पसरणारच. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. लेन्स कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवणाऱ्यांना मी नेहमी टोकतो. रिंग जड फिरत असेल तर घाबरू नका, आतलं ग्रीस घट्ट झालेलं असतं, चांगला कारागीर ते बदलून देतो.

चैत्रात जोतिबाच्या यात्रेला मात्र ५८ फार लांब पडते. सासनकाठ्या (यात्रेत नाचवतात त्या उंच काठ्या) अंगावर येतात. तिथे जुनी २८ मिलिमीटर लावतो, एफ/८, रिंग पाच मीटरवर: अडीच मीटरपासून थेट डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट. या लेन्सना धुळीपासून कसलंच संरक्षण नाही आणि गुलाल बारीक असतो, म्हणून अडॅप्टरच्या सांध्यावर प्लास्टिक गुंडाळून रबर लावतो आणि देवळाच्या आवारात लेन्स बदलत नाही.