रजिस्टरातली 38 नावं

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. दोन ओळींचं. केंद्राच्या उपयुक्ततेबाबतचा अहवाल 15 दिवसांत सादर करावा, खाली सही आणि शिक्का.

आमच्या नागपुरातल्या विद्यापीठातलं रायटिंग सेंटर, म्हणजे लिहिताना अडलेल्या विद्यार्थ्यांसोबत बसून बोलायची जागा. लायब्ररीच्या मागची एक खोली, चार टेबलं, एक कूलर आणि अर्धवेळ काम करणारे आम्ही दोघं. त्यातला एक जण त्याच महिन्यात दुसरीकडे रुजू झालेला. म्हणजे अहवाल मलाच लिहायचा होता. दिवसभर पोरांना "तुला नेमकं म्हणायचंय काय?" असं विचारणाऱ्या बाईला स्वतःच्या अहवालाचं पहिलं वाक्य सुचेना.

आकडे होते, पण त्यांनी काही सिद्ध होत नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे पीएचडीवाले, आणि त्यातले बरेचसे एकच मागणी घेऊन येतात: "मॅडम, पर्सेंटेज कमी करून द्या." पर्सेंटेज म्हणजे प्रबंधातला मजकूर दुसऱ्यांच्या लेखनाशी किती टक्के जुळतो ते. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. 10 ते 40 असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा, 40 ते 60 असेल तर वर्षभर देताच येत नाही, आणि 60 च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. मग पोरं शब्दाला शब्द बदलत बसतात. काही वर्षं ही तपासणी उरकुंड नावाच्या सॉफ्टवेअरवर व्हायची. नावातच 'उरकून टाक' असल्यासारखं वाटायचं, आणि पोरंही तशीच यायची. अशा मुलाला आम्ही टक्के कमी करून देत नाही. ज्यावरून उतरवलं तो मूळ लेख बाजूला ठेवायला लावतो आणि विचारतो, आता सांग, यात काय होतं? तो सांगतो. ते सांगणं लिहून काढलं की टक्के आपोआप उतरतात. हे अहवालाच्या कोणत्या रकान्यात बसवायचं?

मी स्वतः इथे 2016 मध्ये एम.ए. करताना ट्यूटर म्हणून लागले. प्रशिक्षणात स्टीफन नॉर्थ या अमेरिकन प्राध्यापकाचा 1984 चा एक लेख वाचायला दिला होता. त्याचं म्हणणं असं, की केंद्राचं काम लेखन सुधारणं नाही, लिहिणारा सुधारणं आहे. तेव्हा ते मला जरा गुळगुळीत वाटलं होतं. पण त्यावरून आमच्या खोलीत एक नियम पडला होता तो पक्का: पेन समोरच्याच्या हातात राहील. आपण घ्यायचं नाही.

रात्री जुन्या नोट्स चाळताना दुसरी एक गोष्ट सापडली. ब्रॅड ह्यूझ, पॉला गिलेस्पी आणि हार्वी केल या तिघांनी विस्कॉन्सिन-मॅडिसन, मार्क्वेट आणि मेन या तीन विद्यापीठांतल्या 126 माजी ट्यूटरांना विचारलं होतं, की इथून जाताना तुम्ही सोबत काय नेलं? 2010 मध्ये ते छापून आलं. शिकायला आलेल्यांचं नव्हे, शिकवणाऱ्यांचं काय झालं, हा त्यांचा प्रश्न. म्हटलं, हे आपल्यालाही जमेल.

दुसऱ्या दिवशी आमच्या शिपाईकाकांनी कपाटातून रजिस्टर काढून दिलं. केंद्र सुरू झाल्यापासून काम केलेल्या 38 जणांची नावं, काकांच्याच अक्षरात. नंबर मात्र जुने. काही बंद, एक भलत्याच माणसाला लागला, तो बिचारा तीनदा "राँग नंबर" म्हणाला आणि चौथ्यांदा चिडला. एकीचा पत्ता काकांनाच माहीत होता: "ते नंदनवनची पोरगी ना? तिचं लग्न झालं, अमरावतीले असते." चार दिवसांत 29 जण सापडले. व्हॉट्सॲपवर ग्रुप केला. पहिले दोन दिवस नुसते गुड मॉर्निंग आणि लेकरांचे फोटो.

मग मी चूक केली. गुगल फॉर्म पाठवला. 'केंद्रातील अनुभवास 1 ते 5 गुण द्या.' 'केंद्रामुळे आपल्या संवादकौशल्यात वाढ झाली का?' सात उत्तरं आली, सगळी पाच गुणांची. खाली शेऱ्यात 'खूप छान'. असा फॉर्म एखादा विद्यार्थी घेऊन आला असता तर मी त्याला परत बसवलं असतं.

फॉर्म बंद केला आणि फोन लावायला लागले. प्रश्न एकच: इथलं काय अजून करतोस?

बँकेत असलेला एक जण म्हणाला, कर्जाचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाला तो आधी विचारतो, पैसे हातात आले की पहिल्या दिवशी काय कराल? उत्तर अडलं की त्याला कळतं, अर्ज कुणीतरी दुसऱ्यानेच लिहून दिलाय. हायकोर्टात ज्युनियर असलेली एक म्हणाली, पक्षकाराचं बोलणं मध्ये तोडायचं नाही हे ती इथे शिकली, आणि त्यासाठी सिनियरची बोलणीही खाते. एकाने सरळ सांगितलं, "काहीच करत नाही. पण लेकीच्या निबंधात मी शब्द घालत नाही, म्हणून बायको ओरडते." तेही लिहून घेतलं.

आणि काटोलहून व्हॉइस नोट आली. हा पोरगा एम.ए. झाल्यावर घरच्या संत्र्याच्या बागेत परतला. त्याच्या बोलीत 'गय' म्हणजे फळांची गळ, आणि 'आंबिया बहार' हा संत्र्याचा एक हंगाम. "ताई, आंबिया बहाराची गय झाली का लोक येते अन् म्हणते, भाऊ, नुकसानीचा अर्ज लिहून दे. मी म्हणतो, बस पयले. कोन्त्या दिवशी गयाली? किती झाडं? पंचनामा झाला का? तो सांगत जाते. मी लिहीत नाई, त्याच्याच पोराच्या हाती पेन देतो."

ऐकून बरं वाटलं, आणि मी लगेच अहवालाची भाषा केली: 'सदर माजी ट्यूटर परिसरातील शेतकऱ्यांना अर्जलेखनाबाबत मार्गदर्शन करतात.' शिष्टाचार म्हणून त्याला तपासायला पाठवलं.

पाच मिनिटांत फोन. "ताई, हे कोन बोलून राहिलं? मी त नाई."

"अरे, ऑफिसात द्यायचंय."

"द्या ना. पन पेन तुमच्याच हाती दिसून राहिलं."

मी काही बोलले नाही. काय बोलणार? त्याला पहिल्या दिवशी ट्रेनिंग मीच दिलं होतं.

उरलेले चार दिवस सगळं पुन्हा केलं. रेकॉर्डिंगं ऐकून त्यांचे शब्द तसेच उतरवले, वऱ्हाडी ती वऱ्हाडीत, हिंदीमिश्रित ते तसंच. प्रत्येकाला वाचून दाखवलं. दोघांनी आपलं म्हणणं मागे घेतलं, एकीने दुप्पट वाढवलं. माझी प्रस्तावना दीड पान, बाकी सगळं त्यांचं. शेवटच्या दिवशी दुपारी अकरा पानं घेऊन ऑफिसात गेले. बाबूंनी मधलंच एक पान उघडलं, काटोलचं.

"हे प्रमाण मराठीत नाही, मॅडम."

"नाही. कारण पान दोनवर दिलंय."

पान दोन त्यांनी उघडलं नाही. पण काटोलचं पान शेवटपर्यंत वाचलं, मग विचारलं, "माझ्या मेव्हण्याची बाग आहे वरुडले. या पोराचा नंबर भेटंन का?" त्याला विचारून देते म्हटलं. पोच घेतली.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी कस्तुरचंद पार्काजवळ तर्री पोहे खायला नऊ जण जमलो. बँकवाला दर महिन्याच्या एका शनिवारी येऊन बसायला तयार झाला, हायकोर्टवालीने तारखा बघून सांगते म्हटलं. काटोलवाला येताना पिशवीभर संत्री घेऊन आला आणि सगळ्यांना म्हणाला, आंबट निघाली तर मले सांगू नका.

मे महिन्यात उत्तर आलं. केंद्राबाबतचा निर्णय पुढच्या शैक्षणिक वर्षापर्यंत पुढे ढकलण्यात येत आहे. तेही दोन ओळींचं. तोवर आम्ही कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलून घेतल्या आहेत.