कार्बोरेटर राखाडी का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रविवारी सकाळी ठाण्यात तलावपाळीला गाडी लावली की कुणीतरी विचारतंच, "काका, सगळी बुलेट लखलखतेय, कार्बोरेटर तेवढा मळकट का ठेवलाय?" मळकट नाही रे, राखाडी आहे. तो कारखान्यातून निघाला तेव्हाही असाच होता.

माझ्या गाडीला अमल कंपनीचा जुना मोनोब्लॉक कार्बोरेटर आहे. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणं हे त्याचं काम. फ्लोटचा, म्हणजे पेट्रोल साठण्याचा कप्पा आणि बॉडी एकाच ओतकामात, म्हणून मोनोब्लॉक. पुढे बुलेटला मिकार्ब कार्बोरेटर आला. अमलची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, म्हणजे मऊ. हे लक्षात न घेता पहिला कार्बोरेटर मी वागळे इस्टेटमध्ये बफिंगला दिला. आरशासारखा होऊन आला, मी खूश! गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि रेस सोडताच बंद पडली. दोन दिवस हेच. शेवटी टॉर्च धरून पाहिलं, तर पायलटची, म्हणजे रेस सोडल्यावर इंजिन चालू ठेवणारी, सुईच्या टोकाएवढी भोकं बफिंगच्या मेणचट मसाल्याने बुजलेली. चूक माझीच, सगळी तोंडं बंद करून द्यायला हवा होता. पण त्याहून वाईट म्हणजे फ्लँजच्या, म्हणजे कार्बोरेटर इंजिनाला जिथे बसतो त्या सपाट तोंडाच्या, कडा गोल झाल्या होत्या, आणि त्या काही परत येत नाहीत.

फ्लँज हाच या कार्बोरेटरचा खरा जीव. पॅकिंगमधून गळतंय म्हणून आपण नट आवळत जातो, आणि दोन्ही बाजूंचे कान इंजिनाकडे वाकतात. मध्ये फट पडते, तिथून हवा ओढली जाते. मग रेस आपोआप वर-खाली होते, इंजिन तापतं, आणि लोक जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, बदलत बसतात. मी जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवतो, दोन थेंब तेल टाकतो आणि फ्लँज हलक्या हाताने इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवतो. आधी फक्त कान चकाकतात, मधला भाग काळाच राहतो. घाई करायची नाही. चकाकी सगळीकडे सारखी पसरली की थांबायचं. माझ्या कार्बोरेटरवर चमक हवी ती एवढीच, आणि ती कुणाला दिसत नाही.

बाकी साफसफाई रॉकेल, मऊ ब्रश आणि हवेच्या झोताने. संडासाचं ॲसिड अजिबात नको, ते जस्त खातं. जेटमध्ये तारही घालू नका. अमलच्या जेटवरचा आकडा म्हणजे मिनिटाला किती घनसेंटिमीटर पेट्रोल त्यातून जातं त्याचं माप. पितळ मऊ, तारेने भोक किंचित वाढलं की तो आकडा खोटा ठरला. अडलंच तर नवा जेट घ्या, अजून मिळतात.

आणि राखाडी रंगाचा एक फायदा सांगतो. पेट्रोल कुठून पाझरत असेल तर त्यावर पिवळसर डाग लगेच दिसतो. माझा टिकलर, म्हणजे थंड गाडी सुरू करताना जास्त पेट्रोल येण्यासाठी दाबायचं बटण, गळतोय हे मला अशा डागावरूनच कळलं, येऊरचा चढ चढून वर थांबलो होतो तेव्हा.

चमक हवीच असेल तर जेटखालचा पितळी नट खुशाल घासा. बॉडी बफिंगला देणार असाल, तर त्याआधी एकदा माझ्याकडे घेऊन या. काच तयार आहे, फ्लँज तरी बघू.