पाचाचा आकडा

रविवार, रात्री उशिरा

सकाळपासून डोक्यात पाचाचा आकडा फिरतोय. चार्ल्स डेमथ या अमेरिकन चित्रकाराचं १९२८ सालचं चित्र आहे. मोठा सोनेरी पाच, त्याच्या पोटात दुसरा, त्याच्याही आत तिसरा. मागे आगीच्या बंबाचा लाल रंग, भोवती करड्या छटांचे तिरके पट्टे. तो बंब अंगावर येतोय की लांब जातोय, काही केल्या ठरत नाही. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये. मी पाहतेय ते लॅपटॉपवर, मोठं करकरून.

हे चित्र एका कवितेला दिलेलं उत्तर आहे. कवी विल्यम कार्लोस विल्यम्स. पेशानं डॉक्टर, न्यू जर्सीतल्या रदरफर्डमध्ये प्रॅक्टिस. बाळंतपणं, पोरांचे ताप, आणि मधल्या वेळात कविता. दोघांची दोस्ती फिलाडेल्फियातल्या खाणावळीतली, शिकत असतानाची. पुढे एके दिवशी विल्यम्स न्यूयॉर्कमध्ये मार्सडन हार्टली या चित्रकाराच्या स्टुडिओकडे चालला होता. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाशी घंटांचा गजर झाला, यानं वळून पाहिलं, तर लाल बंबावरचा सोनेरी पाच झर्रकन निघून गेला. खिशातून कागद काढून तिथंच कविता लिहिली, असं तो आत्मचरित्रात सांगतो. गंमत म्हणजे तिथं तो जुलैतल्या उकाड्याचा दिवस आहे, आणि १९२१ मध्ये छापलेल्या कवितेत मात्र पाऊस, दिवे आणि अंधारं शहर. पाऊस कुठून आणला कोण जाणे. कवितेला हवा होता, म्हणून आला असणार.

तर डेमथनं काय केलं? आपल्याकडे दिवाळी अंकातल्या कथेवरचं चित्र बघा: नायिका खिडकीत उभी असं वाक्य असेल, तर चित्रात नायिका खिडकीत उभी असते. डेमथ त्या वाटेला गेला नाही. अख्खा बंब त्यानं काढलाच नाही. कवितेतल्या घंटा आणि भोंगे त्या तिरक्या पट्ट्यांच्या कापाकापीत मुरवले. आणि कवितेत नसलेलं एक आणलं: मित्राचं नाव. वरच्या बाजूला ‘बिल’, म्हणजे विल्यमचं लाडकं रूप, पलीकडे अर्धवट कापलेलं ‘कार्लो’, खाली दोघांची आद्याक्षरं शेजारीशेजारी. म्हणजे हे चक्क व्यक्तिचित्र आहे, फक्त चेहरा नाही. जॉर्जिया ओ’कीफ आणि इतर काही मित्रांचीही अशी बिनचेहऱ्याची चित्रं त्यानं त्याच काळात केली होती.

आपल्या कलगी-तुऱ्याच्या सामन्यात सवाल पडला की जवाब द्यावाच लागतो, आणि रात्र संपताना कोणाची तरी सरशी व्हायला हवी असते. इथं हार-जीत कसली? शिवाय सवाल आधी कोणाचा, तेही सांगता येत नाही. कारण डेमथचं १९२२ चं निशिगंधाचं जलरंगातलं चित्र विल्यम्सकडे होतं, आणि त्यावरून त्यानं फुलांच्या कुंडीची कविता लिहिली. १९२३ मध्ये ती ज्या पुस्तकात आली, ते पुस्तकच डेमथला अर्पण केलेलं. कविता पाकळ्यांवरून, त्यांच्यातल्या उजेडावरून पानांकडे उतरते आणि शेवटी खालच्या काळोखातल्या शेवाळलेल्या कुंडीशी येऊन थांबते. आपण चित्र पाहतोय, हे ती एकदाही सांगत नाही. मला ती आकड्याच्या कवितेपेक्षा सरस वाटते. आकड्याची कविता चटकन संपते. तिला डेमथ मिळाला हे तिचं नशीब.

१९६३ मध्ये रॉबर्ट इंडियानानं डेमथच्या पाचावर नवं चित्र केलं, पाच फलकांचं, क्रुसाच्या आकारात मांडलेलं. त्याचा सगळा हिशोब आकड्यांचा: १९२८ हे डेमथच्या चित्राचं साल आणि इंडियानाच्या जन्माचंही, १९६३ मधून १९२८ वजा केले की ३५, आणि डेमथ गेला १९३५ मध्ये. त्यात १९६३ च्या मार्चमध्ये विल्यम्सही गेला. योगायोग भन्नाट आहेत, पण माझं मन त्या चित्रावर बसत नाही. त्यात आदर फार आणि खोडी कमी. डेमथनं कवितेतलं बरंच बिनधास्त टाकून दिलं होतं. इंडियानाच्या हातून काही सुटतच नाही.

डेमथ मधुमेहानं बरीच वर्षं आजारी होता. तो गेल्यावर विल्यम्सनं जी कविता लिहिली, ती आज पुन्हा काढून वाचली. तिच्यात ना पाच, ना बंब. एक सायक्लमेनचं किरमिजी फूल आहे, आणि विल्यम्स पाकळी पाकळी करत, देठापर्यंत जाऊन परत येत, नुसता त्या फुलाकडे बघत राहतो. डेमथ फुलं रंगवायचा तसाच. लांब आहे, मधे रेंगाळतेही. मित्राचं नाव मात्र फक्त अर्पणाच्या ओळीत, पुढे एवढ्या लांबीत कुठेही हंबरडा नाही. कोणी गेलं की दुसऱ्या दिवशी चार कडवी पाडणाऱ्या आपल्याकडच्या काही कवींना ही कविता पाठवावीशी वाटतेय. पाठवणार नाही अर्थात, भांडणं होतील.