तुम्ही विचारलंत म्हणून: पुटी भरून रंग का नाही दिला?

"पुटी भरायची, रंग मारायचा आणि गाडी रस्त्यावर आणायची. तुम्ही पत्रा कापत काय बसलात?" पुटी म्हणजे पत्र्यातले खड्डे-भोकं बुजवायचा लगदा. गॅरेजवरून जाणारे ओळखीचे हे विचारतात, घरी आलेले पाहुणे विचारतात, आणि ज्यांच्या आजोबांची गाडी शेतात ताडपत्रीखाली उभी आहे अशी मुलं फोन करून विचारतात. त्या मुलांना सगळं नीट सांगावं असं मला फार वाटतं, कारण त्यांची गाडी अजून वाचू शकते. म्हणून सविस्तर लिहितोय.

जिचा गंजलेला पत्रा आम्ही कापून बदलला ती गाडी कॉन्टेसा आहे. मंठ्याच्या पुढं एका शेतवस्तीवर कडुलिंबाखाली उभी होती, तिथून ती जालन्याला आणली. हिंदुस्तान मोटर्सनं ही गाडी 1980 च्या दशकात उत्तरपाराच्या कारखान्यात काढायला घेतली. मूळ ढाचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा. सुरुवातीला तिला अँबेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं आणि एवढं मोठं अंग ओढताना ते दमायचं. पुढं 1.8 लिटरचं इसुझू इंजिन आलं तेव्हा गाडीला जीव आला. 2002 मध्ये ती बंद झाली. लोक तिला भारताची मसल कार म्हणतात. अमेरिकेत हे नाव पाँटिअॅक जीटीओ, डॉज चार्जर अशा गाड्यांना आहे, मध्यम आकाराच्या अंगात दांडगं व्ही-8 इंजिन बसवलेल्या. त्या हिशेबानं कॉन्टेसा त्या पंगतीत बसत नाही. पण लांब बोनेट, सपाट ताठ नाक आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद, एवढ्यावर तिनं आमच्या पिढीचं मन जिंकलं. आमच्याकडं जिनिंगवाले आणि पुढारी तिच्यातून उतरायचे, आणि आम्ही पोरं ती निघून जाईपर्यंत बघत उभी राहायचो. मला ती आजही तितकीच देखणी वाटते.

आता पुटी. गंज पत्र्यावर नुसता बसत नाही, पत्रा खाऊन तयार होतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो. फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, त्या पापुद्र्यांत ओल धरून राहते आणि खालचं चांगलं लोखंड पुन्हा गंजायला लागतं. वरून पुटी भरली तरी आत हे चालूच असतं. त्यातून पुटी स्वतःही ओल शोषते. ओल आलेल्या भिंतीला वरून चुना फासावा तसं ते काम. एक-दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात, आणि फोड खरवडला की भोक आधीपेक्षा मोठं निघतं. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा खिशात लहानसं चुंबक ठेवा, पातळ फडक्यात गुंडाळून. चाकांच्या कमानीवर आणि दारांच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथं ते चिकटत नाही तिथं तुम्ही पत्र्याचे नाही, पुटीचे पैसे देताय.

दुसरं कारण याहून मोठं आहे. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते, वरचं अंग तिच्यावर बसवलेलं असतं. कॉन्टेसाला अशी वेगळी चासी नाही. फ्लोअर, दारांखालची पोकळ पेटी, खांब, छत, सगळं मिळून एकच सांगाडा. दाराखालच्या त्या पेटीला गॅरेजात सिल म्हणतात. सिल गंजली की गाडीचा कणाच गेला. त्यावर पुटी भरून चकाचक रंग दिलेल्या गाडीत आपली माणसं बसवायची, हे माझ्याच्यानं होणार नाही.

इथं हमखास पुढचा प्रश्न येतो: कोकणातलं समजू शकतो, पण मराठवाड्यात कसला गंज? पाऊस कमी, हवा कोरडी, समुद्र कुठल्या कुठं. खरं आहे. किनाऱ्यावरची गाडी खाऱ्या हवेनं सगळीकडून खाल्ली जाते, छतसुद्धा सुटत नाही. आमच्याकडची गाडी वरून धडधाकट दिसते आणि खालून गेलेली असते. या कॉन्टेसाचं छत, बोनेट, दारांचा वरचा भाग इतका चांगला होता की मूळ रंगाखाली कोरा पत्रा निघाला. खाली मात्र स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की आरपार जायचा.

कारणं सगळी आमच्या मातीतली आहेत. पहिली ही काळी मातीच. पावसाळ्यात ती चाकांच्या कमानीत लिंपल्यासारखी बसते. वरून वाळून ढेकूळ होते, पण आत ओल धरून राहते. कमानीच्या आतल्या कडेला हे ढेकूळ वर्षानुवर्षं तसंच राहिलं की त्यामागचा पत्रा उरत नाही. सिलच्या बुडाला पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात, ती याच चिखलानं बुजतात. मग सिलमध्ये शिरलेलं पाणी तिथंच मुरतं.

दुसरं कडुलिंबाचं झाड. सावलीसाठी सगळे गाडी लिंबाखाली लावतात आणि त्यात चूक काही नाही, मे महिन्यातलं ऊन ज्यानं सोसलंय त्याला विचारा. पण पाला आणि लिंबोळ्या पुढच्या काचेच्या खालच्या खाचेत साठतात, कुजतात, त्यांचा ओला लगदा होतो. काचेचं रबर जुनं होऊन तडकलेलं असतं. पाणी त्याच्या कडेनं आत उतरतं आणि पायाखालच्या गालिच्यात जिरतं. वरून काही दिसत नाही, नुसता कुबट वास येतो. अमेरिकेत 1960 च्या दशकातल्या फोर्ड मस्टँग गाडीचं जुनं दुखणं नेमकं हेच आहे. काचेपुढच्या जाळीखाली पाला साठतो, तिथला पत्रा सडतो आणि पाणी थेट ड्रायव्हरच्या पायांवर टपकतं.

तिसरं कारण तिथल्या पुस्तकांत सापडणार नाही. डिकीतून खताची पोती. पेरणीच्या दिवसांत ज्याच्या दारात गाडी, त्याच्या डिकीत युरिया आणि पोटॅश. पोत्यातून सांडलेले दाणे कोपऱ्यात जातात आणि हवेतली ओल ओढून घेतात. म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असतं, म्हणजे लोखंडाच्या दृष्टीनं ते समुद्राच्या मिठाचंच भावंड. या गाडीच्या डिकीचा तळ मधोमध बरा होता आणि कडेनं सगळा गेलेला होता. दाणे कुठं साठत होते ते त्या भोकांवरून बोट ठेवून दाखवता येत होतं. त्यात गाडी काही वर्षं गोठ्याला लागून उभी होती. गोमूत्र आणि शेण पत्र्याला खतापेक्षा कमी त्रास देत नाहीत. आणि बोअरच्या क्षारपाण्यानं धुतलेली गाडी पुसून कोरडी केली नाही तर सांध्यासांध्यांत क्षार बसतात, ते वेगळंच.

हे सगळं मी एवढ्या तपशिलानं सांगतोय कारण पाणी कुठून येत होतं ते कळल्याशिवाय पत्रा बदलण्यात अर्थ नसतो. नवा पत्राही त्याच वाटेनं जातो.

आमच्याकडचे डेंटर, म्हणजे पत्रा ठोकून घडवणारे चाचा, गाडी आली तेव्हा कितीतरी वेळ नुसते हातोडीच्या दांड्यानं ठोकत फिरले. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला मुका आवाज देतो. जिथं आवाज बदलला तिथं खडूची रेघ. रेघ पुरी झाली तेव्हा तिनं माझ्या अंदाजापेक्षा बराच मोठा भाग घेरला होता. मी म्हटलं, चाचा, एवढं कापायचं? ते म्हणाले, "जंग कू छुपाना नै, काटना. अच्छा पत्रा मिलताय वहां तक जाना." या कामाबद्दल मला जे सांगायचंय ते सगळं या दोन वाक्यांत आहे. भोकाच्या कडेला कापून चालत नाही. भोकाभोवतीचा पत्रा दिसायला शाबूत असला तरी पातळ झालेला असतो, वेल्डिंगचा चटका लागताच विरघळतो. पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत मागं सरकावं लागतं.

पण कापायच्या आधी सांगाडा बांधून घ्यावा लागतो. सिल काढली की गाडी मधोमध झुकते, आणि झुकलेल्या अवस्थेत नवी सिल जोडली की दारं जन्मभर लागत नाहीत. म्हणून आधी गाडी चारही बाजूंनी एका पातळीत टेकवली. दारांच्या चौकटीत आतून चौकोनी पाइप आडवे-तिरके, टॅक म्हणजे वेल्डिंगचे छोटे टाके मारून बसवले. चौकटीचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे तिरके माप घेऊन भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं. एका वेळी एकाच बाजूची सिल काढली. प्रत्येक टप्प्यावर दार पुन्हा बसवून फट बघितली, वर तेवढीच, खाली तेवढीच. या कामात दिवसच्या दिवस जातात आणि बघणाऱ्याला गाडी काल होती तशीच दिसते. "अजून काही झालं नाही का?" हा प्रश्न बहुतेक याच दिवसांत येतो.

नवा पत्रा आणायचा कुठून? मस्टँगवाल्यांचा मला इथं हेवा वाटतो. त्यांना फ्लोअर, कमानी, दारं तर सोडाच, अख्खा नवा सांगाडा आजही विकत मिळतो. कॉन्टेसाचं असं काही मिळत नाही. जालना पोलादाचं गाव खरं, पण इथल्या भट्ट्यांत भंगार वितळून सळया होतात. गाड्यांचं भंगारही त्यातच येतं. ट्रकवर दाबून लादलेल्या जुन्या गाड्या मी या गावात पाहिल्या आहेत, आणि त्यात ओळखीचं नाक दिसलं की पोटात तुटतं. आपल्याला हवा असतो तो सीआर, म्हणजे थंड अवस्थेत लाटलेला गुळगुळीत पत्रा. जुन्या पत्र्याचा चांगला तुकडा मायक्रोमीटरनं मोजायचा आणि त्याच जाडीचा घ्यायचा. फ्लोअर आणि सिलला आम्ही 18 गेज वापरला, म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटर, आणि बाहेरच्या अंगाला 20 गेज, सुमारे 0.9. घरावरचा जीआय पत्रा वापरा असं सुचवणारे भेटतात. त्याच्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये जळतं, तो धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो, आणि टाकाही पोकळ येतो.

प्रत्येक भागाचा आधी पुठ्ठ्याचा साचा. सरळ घड्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बेंडिंग करणाऱ्या छोट्या युनिटमधून मारून आणल्या. तिथं मोठ्या कारखान्यांना सुटे भाग देणारे खूप आहेत, आणि जुन्या गाडीचं काम म्हटल्यावर मशीनवरचा माणूस हातातलं काम ठेवून साचा बघायला आला. गोलाई मात्र हातानंच. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून चाचांनी मागच्या कमानीची कड ठोकून काढली. उजवी आणि डावी शेजारी ठेवली तर मला फरक सांगता येत नव्हता. अशा हातांना आपल्याकडं नुसतं 'डेंटिंगवाला' म्हणतात, याचं मला वाईट वाटतं. विम्याच्या कामात आता भाग बदलायची पद्धत आहे, ठोकून घडवायची वेळ कमी येते, आणि हे शिकायला बसणारी मुलं कमी होत चालली आहेत.

जोडताना पत्र्यावर पत्रा चढवून टाके मारणं सोपं असतं, पण दोन पत्र्यांच्या मधे पाणी अडकतं आणि गंज तिथूनच परत सुरू होतो. म्हणून कडेला कड. सीओटू वेल्डिंगचा (कार्बन डायऑक्साइड वायूच्या झोतात केलेल्या विजेच्या वेल्डिंगचा) एक टाका इथं, दुसरा वीतभर लांब, पहिला गार झाला की मधला. सलग रेघ ओढली तर पत्रा तापून लाटेसारखा वळतो. चाचा गॅस वेल्डिंगवर वाढलेले, काही अवघड कोपरे त्यांनी त्यावरच केले आणि उत्तम केले.

ऋतूचा फायदा आम्हाला भरपूर मिळतो. एप्रिल-मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की उघडा पत्रा दिवसचे दिवस लख्ख राहतो. पावसाळी हवेत तोच पत्रा रात्रीत तांबूस होतो. म्हणून कापणं-जोडणं उन्हाळ्यात आणि मृग लागायच्या आत एपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचं गंज रोखणारं अस्तर. रंग मात्र त्या उन्हात मारू नये, थिनर हवेतच उडतं आणि रंग खरखरीत बसतो. त्यासाठी दिवाळीनंतरचे दिवस चांगले. पुटी आम्हीही लावली, शेवटी, प्रायमरवर, ठोकण्याच्या खुणा सपाट करण्यापुरती पातळ. तिचं काम तेवढंच आहे. वेल्डिंगनं पेटीच्या आतला लेप जळलेला असतो, तिथं भोकांतून मेण फवारलं. पूर्वी जळकं ऑइल मारायचे. तेल पाणी दूर ठेवतं, हे बरोबरच होतं, पण त्यानं सांध्यांतल्या रबराच्या बुशा फुगतात.

एवढ्या पैशात नवी गाडी आली असती, हेही लोक म्हणतात. आली असती. आणि कायदाही या वयाच्या गाडीला फारसा आधार देत नाही. 2021 च्या नियमानं 50 वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. कॉन्टेसा त्या वयाला अजून पोचलेली नाही. तोवर दर पाच वर्षांनी फिटनेस आणि नोंदणीचं नूतनीकरण करत राहायचं. मला ते मान्य आहे. या गाड्या थोड्या बनल्या, त्याहून थोड्या उरल्या, आणि जी उरली ती धड उभी राहावी एवढंच मला हवंय.

फोन करणाऱ्या मुलांनो, मिस्त्री शोधायच्या आधी एवढं करा. गाडीला चिकटलेली ताडपत्री काढा, तिच्याखाली ओल कोंडते. गाडी मातीवरून हलवून फरशीवर किंवा दगडांवर घ्या. गालिचे उचलून उन्हात टाका. काचेखालचा पाला हातानं काढा, सिलच्या बुडाची भोकं तारेनं मोकळी करा. बॅटरी काढून ठेवा, तिचं ॲसिड गळून खालचा पत्रा जातो. मग मला फोटो पाठवा: दोन्ही सिलचे, डिकीच्या कोपऱ्यांचे आणि गाडीखाली टॉर्च धरून काढलेले फ्लोअरचे.