ग्रिमेटनचे सहा मनोरे: जाणाऱ्यांसाठी काही सूचना

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील ग्रिमेटन येथील रेडिओ प्रक्षेपण केंद्र पाहायचे असेल, तर गोथेनबर्गहून रेल्वेने वारबर्गला उतरावे. तेथून केंद्र पूर्वेस साधारण दहा किलोमीटरवर आहे. बसच्या फेऱ्या मोजक्या असल्यामुळे परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी.

मनोरे बऱ्याच दुरून दिसू लागतात. त्यांच्याजवळ तारांनी ताणून उभा केलेला, त्यांच्याहून कितीतरी उंच असा एक मास्टही आहे आणि नजर साहजिकच प्रथम त्याच्याकडे जाते. परंतु तो नंतरच्या काळातील, एफएम व दूरचित्रवाणीसाठी उभारलेला आहे. मूळचे सहा पोलादी मनोरे प्रत्येकी १२७ मीटर उंचीचे असून कोणत्याही ताणाविना स्वतःच्या पायांवर उभे आहेत. प्रत्येकाच्या माथ्यावर ४६ मीटर लांबीचा आडवा बाहू आहे आणि लगतच्या दोन मनोऱ्यांत ३८० मीटर अंतर आहे. अँटेनाच्या तारा या बाहूंवरून दोन किलोमीटरहून अधिक लांब गेल्या आहेत. एवढा पसारा कशासाठी, असा प्रश्न पडतो. पण येथून निघणाऱ्या लहरीची लांबीच सतरा किलोमीटरहून जास्त आहे, हे कळल्यावर हीच अँटेना तोकडी वाटू लागते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, केवळ यंत्रगृह पाहून परतू नये. जेथवर परवानगी आहे तेथवर मनोऱ्यांच्या रांगेच्या कडेने चालत जावे.

पहिल्या महायुद्धात परक्या देशांच्या समुद्राखालील तारायंत्राच्या तारांवर अवलंबून राहण्याचा धोका स्वीडनला उमगला होता, आणि लाखो स्वीडिश लोक अमेरिकेत स्थायिक झालेले असल्याने तेथे थेट संदेश पाठवण्याची निकड होती. त्यातून उभ्या राहिलेल्या या केंद्राचे उद्घाटन राजे गुस्ताव पाचवे यांनी २ जुलै १९२५ रोजी केले. स्वीडिश-अमेरिकन अभियंते अर्न्स्ट अलेक्झांडरसन यांनी रचलेल्या येथील यंत्रात लहर निर्माण करण्यासाठी एकही निर्वात नळी, म्हणजे जुन्या रेडिओत असे तशी काचेची इलेक्ट्रॉनिक नळी, नाही. ४८८ खाचांची पोलादी चकती मिनिटाला सुमारे २,११५ फेरे घेते आणि त्या गतीतूनच १७.२ किलोहर्ट्झची लहर निर्माण होते. खाचांना फेऱ्यांनी गुणून साठने भागले की हाच आकडा मिळतो. गणित आणि यंत्र यांचा इतका उघड मेळ मी अन्यत्र पाहिलेला नाही. लघुलहरींनी या पद्धतीला लवकरच मागे टाकले, तरीही अतिदीर्घ लहरी पाण्याखाली काही अंतर पोहोचत असल्याने पाणबुड्यांसाठी केंद्र अनेक दशके उपयोगी पडले. त्यामुळेच, इतरत्रची अशी यंत्रे मोडीत निघाली असताना, येथील यंत्र चालू स्थितीत वाचले. २००४ साली युनेस्कोने केंद्राला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

शक्य असल्यास २ जुलैच्या जवळच्या रविवारी, म्हणजे अलेक्झांडरसन दिनी जावे. एसएक्यू या संकेतनामाने मोर्स संदेश प्रसारित होतो. चकती वेग घेते तसा यंत्रगृहातील आवाज चढत जातो आणि शेजाऱ्याशी बोलणे कठीण होते, म्हणून लहान मुलांसाठी कानाचे संरक्षण सोबत असावे. नाताळच्या आदल्या दिवशीही प्रसारणाची परंपरा आहे. मात्र शंभर वर्षे जुन्या यंत्राच्या दुरुस्तीमुळे ते रद्द होऊ शकते. तेव्हा निघण्यापूर्वी केंद्राची ताजी सूचना अवश्य पाहावी. ज्यांना जाणे जमणार नाही, त्यांनी लांब तार आणि संगणकाचे साउंड कार्ड वापरून १७.२ किलोहर्ट्झवर संदेश ऐकण्याचा प्रयत्न करावा.