तुम्ही विचारलंत म्हणून: मी चळवळीत का नाही?

"तुमच्याच आजाराची चळवळ आहे, मग तुम्हीच कशा दिसत नाही?" बरेच जण विचारतात, बहुतेक आपुलकीनेच. हे उत्तर थोडं थोडं सांगून दुसऱ्याकडून लिहून घेतलंय.

मला मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस आहे, तोही तीव्र. यात झेपेल त्यापेक्षा जरा जास्त झालं की एक-दोन दिवसांनी सगळंच ढासळतं. जास्त म्हणजे किती? मागे एका निवेदनाचा मसुदा वाचायला घेतला. पडदे ओढलेले, कानात बोळे, फोनचा उजेड अगदी मंद. दोन परिच्छेद वाचले, एक शब्द बदलायला सांगितला. पुढे कितीतरी दिवस कूस बदलायलाही कुणाचा तरी हात लागायचा, आणि शेजारी कुणी कुजबुजलं तरी सोसवत नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेने हा मज्जासंस्थेचा आजार म्हणून १९६९ सालीच नोंदवलाय. तरी 'हळूहळू व्यायाम वाढवा' हा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला. डॉक्टरांसाठी उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने तो २०२१ मध्ये काढून टाकला. त्यासाठी रुग्ण झगडले, कित्येकांनी अंथरुणातून पत्रं लिहिली आणि ते सगळं अंगावर काढलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण प्रत्येक रुग्णाने असंच करावं, ही अपेक्षा मला मान्य नाही.

२०१६ मध्ये अनेक शहरांत येऊ न शकणाऱ्या रुग्णांचे रिकामे बूट रस्त्यावर मांडून निदर्शनं झाली. ती मला फार पटली, कारण तिथे गैरहजर माणसंही मोजली गेली. एरवी सभेत उभं राहून बोलणारा रुग्णच लोकांना दिसतो, आणि आजार तेवढाच वाटतो. सगळ्यात आजारी असलेले संशोधनातही फारसे येत नाहीत. त्यांना दवाखान्यापर्यंत नेणंच धोक्याचं असतं.

म्हणून माझ्या वाटचं काम धडधाकट माणसांनी करावं, असं मी उघडपणे मागते. घरी येऊन रक्त घेणारं संशोधन मागा, घरी येणारा डॉक्टर मागा. आणि मला काही विचारायचंच झालं, तर हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा. उत्तर कधीही आलं तरी चालेल, हे आधीच कळवा.